सामान उतरलं, आता पुढे? नव्या घरात बस्तान बसवायची माझी पद्धत

मे महिन्यात आम्ही कोथरूडच्या जुन्या बिल्डिंगमधून बाणेरला शिफ्ट झालो. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि हे आमचं सहावं घर, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसलं प्रकरण, त्यामुळे नात्यात कुणाचं शिफ्टिंग निघालं की फोन मलाच येतो. टेम्पो कुठला सांगू, खोकी कुठे मिळतील, किती दिवस आधी बांधायला घेऊ. पण खरं सांगू का, बांधण्यात फार काही चुकत नाही, पैसे दिले की पॅकर्सची पोरं चार तासात घर गुंडाळून देतात. घोळ होतो तो सामान उतरल्यावर. हॉलमध्ये बेचाळीस खोकी, गाद्या भिंतीला टेकवलेल्या, आई खुर्ची शोधतीये, पोराला भूक लागलीये आणि कुणीतरी उत्साहात हाताला येईल ते खोकं फोडतं आणि त्यातून निघतात शोकेसमधले हत्ती.

बरेच जण एकेक खोली पूर्ण करत जातात. मला ते कधीच जमलं नाही, कारण बेडरूम चकाचक लावून होते आणि रात्री साडेनऊला कळतं की प्यायला पाणी नाहीये. मी लावतो ते दिवसाच्या क्रमाने. आज रात्री झोपायला काय लागेल, उद्या सकाळी संडास-आंघोळ-चहाला काय लागेल, मग डब्याला काय, मग ऑफिसच्या कपड्यांना काय. ज्याची गरज सगळ्यात आधी पडणार ते खोकं आधी. बाकीची गप पडून राहूदेत, ती काही खायला मागत नाहीत.

सामान यायच्या आधी: रिकामं घर

किल्ली हातात आली की टेम्पो येण्याआधी एक दिवस, नाहीच जमलं तर निदान दोन तास, रिकाम्या घराला द्या. एकदा कपाटं लागली की त्यांच्या मागची भिंत परत दिसणार नाहीये.

भाड्याचं घर असेल तर सगळ्यात आधी मोबाइल काढायचा आणि खोलीखोलीचा व्हिडिओ घ्यायचा. ओल आलेला कोपरा, चिरलेली टाइल, कपाटाची निसटलेली बिजागरी, खिडकीची न लागणारी कडी, सगळं. आणि त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचं, "फक्त माहितीसाठी" असं गोड लिहून. आमच्या तिसऱ्या घराच्या मालकांनी घर सोडताना चिरलेल्या बेसिनचे साडेतीन हजार डिपॉझिटमधून कापले. बेसिन आम्ही राहायला गेलो तेव्हाच चिरलेलं होतं, पण दाखवणार काय? तेव्हापासून ही सवय लागली. विजेच्या मीटरचाही फोटो काढा, आकडे नीट वाचता येतील असा, आणि महावितरणच्या जुन्या बिलाचा फोटो मागून घ्या, त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक बिल भरायला आणि तक्रार करायला लागतोच. आधीच्या भाडेकरूची थकबाकी असेल तर तीही तेव्हाच कळते.

मग वास. बंद घराचं दार उघडलं की गटारासारखा कुबट वास येतो ना, तेव्हा लगेच ड्रेनेज खराब आहे असं समजू नका. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साचून राहतं आणि ते पाणीच खालच्या पाइपातला वास आणि झुरळं अडवून धरतं. घर दोन-तीन महिने बंद राहिलं की ते पाणी उडून जातं आणि गटाराचा पाइप सरळ घरात उघडा. बाणेरच्या घरात मी हुशारीने प्लंबर बोलावला, तो आला, जाळी उचलून आत बघितलं, बादलीभर पाणी ओतलं, तीनशे रुपये घेतले आणि गेला. तेव्हा प्रत्येक जाळीत तांब्या-तांब्या पाणी ओता, बाल्कनीतली आणि वॉशिंग मशीनच्या जागेची जाळी विसरू नका, आणि पाहुण्यांचं बाथरूम वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा तिथेही ओतत जा. तासाभरात वास गेला नाही तर मग प्लंबर.

सगळे नळ पाच मिनिटं सोडा. आधी गढूळ येईल, येऊदे. नळाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती फिरवून काढली की आत वाळू आणि सिमेंटचे कण निघतात, नव्या बिल्डिंगमध्ये तर हमखास. आणि घराचं पाणी बंद करायचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवा, अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा तो छोटा नळ, तुटून पाणी उडायला लागल्यावर शोधायची ती गोष्ट नाही.

विजेचं असं करा: एक मोबाइल चार्जर घेऊन घरभर हिंडा आणि प्रत्येक प्लगमध्ये लावून बघा. डीबी, म्हणजे विजेच्या स्विचांची मुख्य पेटी, उघडून एकेक एमसीबी (एकेका लाइनचा सेफ्टी स्विच) पाडा, काय बंद झालं ते बघा आणि वर पांढऱ्या टेपवर बॉलपेनने लिहा, "किचन पॉवर", "हॉल पंखे-दिवे". वीस मिनिटांचं काम आहे. तिथेच एक आरसीसीबी असते, तिच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते दाबल्यावर ती खटकन पडली पाहिजे. नाही पडली तर इलेक्ट्रिशियन बोलवा, कारण शॉक लागला तर वाचवणारी तीच आहे.

साफसफाई वरून खाली, पंखे, माळे, कपाटांचे वरचे कप्पे, मग शेवटी फरशी. बाथरूमला ॲसिड वापरताना दोन गोष्टी सांभाळा. मार्बल, कोटा, कडप्पा हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, ॲसिड त्यांना खातं आणि पॉलिश जातं ते जातंच. आणि ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र नको, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. झुरळांचं जेल ट्रॉलीच्या सांध्यांना रिकाम्या घरातच लावून टाका, आणि लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारू नका, स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत.

टेम्पो दारात

सोसायटीचा मूव्ह-इन फॉर्म, लिफ्टची वेळ, शिफ्टिंगचे पैसे हे आदल्या दिवशीच ऑफिसात जाऊन विचारा. आमच्याकडे दुपारी एक ते चार सामानाची लिफ्ट बंद, हे आम्हाला एक वाजून पाच मिनिटांनी कळलं. पोरं तीन तास पार्किंगमध्ये बसून राहिली, वेटिंगचे वेगळे पैसे गेले.

एका माणसाने फक्त दारात उभं राहायचं. बाकी काही उचलायचं नाही, काही लावायचं नाही. खोकं आलं की नंबर वहीत टिक करायचा आणि "किचन", "मागची बेडरूम" असं ओरडायचं. खोक्यांवर नंबर घातले नसतील तर निदान मोजा, चढवताना किती होती, उतरताना किती आली. नंबर आणि खोलीचं नाव खोक्याच्या बाजूवर लिहायचं असतं, वरच्या झाकणावर लिहिलं की एकावर एक रचल्यावर काय दिसणार कप्पाळ. पोरं शेवटी एक कागद पुढे करतात, सामान सुस्थितीत मिळालं म्हणून सही करा. काचेचं सामान आणि टीव्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय करू नका, आणि घाईच असेल तर सहीच्या वर "खोकी उघडून पाहिलेली नाहीत" असं लिहूनच करा. आमच्या एका शिफ्टिंगला शोकेसची काच अशीच गेली आणि फोन केला तर म्हणाले, साहेब तुमची सही आहे ना.

पोरांना पाणी आणि चहा मात्र द्या. चौथ्या मजल्यावर फ्रिज चढवून आलेला माणूस आहे तो, आणि तुम्हाला कपाट अजून दोन इंच डावीकडे सरकवून हवंय.

टेम्पोत फर्निचरवर ज्या गोधड्या टाकतात त्या दहा घरं फिरून आलेल्या असतात. आमच्या दुसऱ्या घरात ढेकूण असेच आले असा मला दाट संशय आहे. गाद्या आणि सोफा घरात घ्यायच्या आधी दारातच गोधड्या परत द्या आणि गादीच्या शिवणी टॉर्च मारून बघा, दोन मिनिटं लागतात आणि पुढचे चार महिने वाचतात.

पावसाळ्यात येत असाल तर खोकी बाहेरच्या भिंतीला चिकटवून रचू नका, मधोमध रचा. कपाटंसुद्धा बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार बोटं लांब ठेवा, हवा खेळली नाही की मागे बुरशी धरते आणि ती कळते थेट दिवाळीत.

फ्रिज लगेच चालू करायचा नाही. उभा आला असेल तर तीन-चार तास, आडवा आणला असेल तर रात्रभर तसाच उभा ठेवा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल आडवं केल्यावर पाइपात जातं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो. पोरं म्हणतील काही होत नाही साहेब, लावा. फ्रिज त्यांचा नाहीये.

पहिली रात्र

एक बॅग तुमच्याबरोबर रिक्षात किंवा गाडीत पाहिजे, टेम्पोत नाही. तिच्यात रोजची औषधं, चार्जर, एकेक जोडी कपडे, टॉवेल, साबण, ब्रश, संडासचा मग, कात्री किंवा कटर, टेस्टर, पक्कड, मेणबत्ती, आणि सगळी महत्त्वाची कागदपत्रं आणि दागिने. मगाला हसू नका. सहा घरांत दोनदा मग सापडला नव्हता.

पलंग जोडायला घेतला तर नटबोल्टची पिशवी शोधण्यापासून सुरुवात होते (ती सोडतानाच हेडबोर्डला टेपने चिकटवून ठेवायची, पुढच्या वेळी तरी). जोडताना सगळे बोल्ट आधी सैलच लावा, चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आली की मग आवळा, एक बाजू आधी कचकचून आवळली की शेवटचा बोल्ट भोकात जात नाही. दहा वाजून गेले असतील तर सरळ गाद्या जमिनीवर टाका, सगळ्यांना मजा वाटते. खिडकीला बेडशीट आणि चिमटे, समोरची बिल्डिंग किती जवळ आहे ते दिवे लावल्यावरच कळतं.

घरात म्हातारं माणूस असेल तर झोपायच्या आधी त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर एकही खोकं, वायर, चप्पल नको, आणि एक छोटा नाइट लॅम्प. नव्या घरात रात्री झोपेत पाय जुन्या घराच्या सवयीने वळतात. आमची आई पहिल्या रात्री बाथरूम समजून बाल्कनीच्या दाराशी गेली होती. दार बंद होतं म्हणून ठीक.

देवांचं सांगायला मी काही अधिकारी माणूस नाही. आमच्याकडे आई आधी देव, पाण्याने भरलेला कलश, मीठ आणि नवी केरसुणी घेऊन आत जाते आणि मगच बाकीचं सामान, आणि खरं तर त्या चार वस्तू हातात असल्या की पहिल्या तासात पाणी, मीठ आणि झाडू शोधावा लागत नाही, पूर्वीच्या लोकांना शिफ्टिंग कळत होतं. दूध उतू घालवायचं असेल तर छोट्या पातेल्यात अर्धा कप घ्या. आम्ही लिटरभर घेतलं, बर्नरच्या भोकांत दूध जाऊन जळलं आणि पहिल्याच दिवशी पिनेने भोकं कोरत बसलो.

स्वयंपाक पहिल्या रात्री करू नका. कौतुक कुणी करत नाही.

पहिली सकाळ: गीझर, चहा, गॅस

गीझरचं बटण दाबायच्या आधी गरम पाण्याचा नळ सोडून बघायचा. त्यातून पाणी आलं म्हणजे टाकी भरलेली आहे, मगच बटण. रिकामा गीझर चालू केला की कॉइल जाते. स्वतःचा गीझर आणला असेल तर तो सोळा अँपिअरच्या मोठ्या प्लगलाच, तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर तेरा अँपिअर खेचतो आणि सहाचा साधा प्लग त्याला वितळतो, वायर कन्व्हर्टर वगैरे जुगाड तिथे नको.

गॅस हा सगळ्यात जास्त गोंधळाचा विषय आहे म्हणून नीट सांगतो. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांमध्ये आता एमएनजीएलचा, म्हणजे महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचा, पाइप गॅस आहे, मुंबई-ठाण्याकडे महानगर गॅसचा. सिलिंडरवर चालणारी शेगडी पाइपलाइनला तशीच जोडता येत नाही. पाइप गॅसचं प्रेशर सिलिंडरपेक्षा कमी असतं आणि गॅसही वेगळा, त्यामुळे शेगडीतला जेट, म्हणजे ते पितळी बारीक भोकाचं टोक, मोठ्या भोकाचं लावावं लागतं. नाही बदललं तर ज्योत मरतुकडी, चहाला वीस मिनिटं. आणि उलटं केलं, म्हणजे पाइप गॅसची शेगडी सिलिंडरला लावली, तर ज्योत भसकन मोठी येते, ते धोक्याचं. कंपनीचा माणूस किंवा शेगडीवाला अर्ध्या तासात बदलून देतो. जुने जेट फेकू नका, डबीत घालून लेबल लावून ठेवा, पुढचं घर सिलिंडरचं निघालं तर लागतील.

सिलिंडर असेल तर रबरी नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर नवी आयएसआय मार्कवाली घ्या. जोडून झालं की साबणाचं पाणी रेग्युलेटरला आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, तुम्ही होऊ नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो, पाइपाचा गॅस हलका, तो वर जातो. वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करायचं नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन, हा सिलिंडरच्या गळतीचा चोवीस तासांचा नंबर आहे. पाइप गॅसवाल्यांनी आपल्या कंपनीचा इमर्जन्सी नंबर बिलावरून उतरवून फ्रिजवर चिकटवायचा. दुसऱ्या गावाहून येताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर आणायचं असतं, त्यावर नव्या गावात कनेक्शन मिळतं. भरलेला सिलिंडर टेम्पोत टाकून आणू नका, पॅकर्सही घेत नाहीत, घेतात ते चुकीचं करतात.

किचन

आमच्या घरात एक नियम आहे, रोज ज्याचे हात चालणार त्यानेच किचन लावायचं. पाहुणे, बहिणी, मदतीला आलेल्या शेजारच्या काकू, सगळ्यांना कपाटं, पुस्तकं, चादरी द्या. किचन नाही. दुसऱ्याने लावलेलं किचन म्हणजे पुढचा महिनाभर "अगं तो झारा कुठे ठेवलास" असे फोन.

पहिल्या आठवड्याला खरं काय लागतं ते मी एकदा मोजलं होतं. कुकर, कढई, तवा, दोन पातेली, पोळपाट-लाटणं, सुरी, विळी असेल तर विळी, गाळणं, सांडशी, मिसळणाचा डबा, ताटं-वाट्या-पेले माणशी एक, चहा-साखर-तेल-मीठ-पोहे-तांदूळ-डाळ-कणीक. संपलं. एवढंच काढा, ओटा पुसा आणि दोन दिवस स्वयंपाक करा. करताना हात कुठे जातो ते बघा. मिसळणाचा डबा हात लांब न करता मिळायला हवा, कारण मोहरी तडतडत असताना दोन पावलं चालायला वेळ नसतो. चहाचं सगळं, म्हणजे पातेलं, गाळणं, साखर, पावडर, कप, एकाच ठिकाणी, म्हणजे घरात कुणीही उठून करू शकतं. पाट्याचा दगड, इडलीपात्र, मोठी पातेली, मिक्सर हे जड सगळं कमरेच्या खाली. सणावारी लागणारं वर माळ्यावर. ट्रॉल्यांना कागद घालायचा तो आत्ताच, नंतर कधीच घातला जात नाही.

मायक्रोवेव्हलाही मोठा प्लग बघा. आणि किचनच्या खोक्यांमधली रद्दी लगेच घराबाहेर, झुरळांची अंडी त्या घड्यांत येतात, जुन्या घरची.

आमचं यावेळी काय झालं, कुकर पहिल्याच खोक्यात मिळाला, झाकण मिळालं, गॅसकेट मिळाली, शिट्टी मिळेना. सगळी किचनची खोकी उपसली. तीन दिवस पातेल्यात खिचडी, ती पण खाली लागलेली. चौथ्या दिवशी आईने समईचं पुडकं सोडलं तर निरांजनाच्या वाटीत शिट्टी, पॅकरला ते पितळेचं सामान वाटलं असणार! आता पुढच्या वेळी कुकरची शिट्टी आणि मिक्सरची झाकणं ही पहिल्या रात्रीच्या बॅगेत. डुप्लिकेट शिट्टी नाक्यावर मिळते हो, पण ती त्या कंपनीची आणि मापाची नसली तर लावू नका.

मशिनं

फ्रंट लोड वॉशिंग मशीन हलवताना मागे तीन-चार लांब बोल्ट लावतात, ड्रम हलू नये म्हणून. पहिल्यांदा चालू करायच्या आधी ते काढले नाहीत तर मशीन घरभर नाचतं आणि आतून मोडतं. काढलेले बोल्ट जपून ठेवा. चारही पाय जमिनीला टेकलेत का ते कोपरे दाबून बघा.

आरओ लावल्यावर पहिली टाकी ओतून द्यायची, त्या पाण्याने फरशी पुसा. पण त्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायला सांगा, मीटर प्रत्येक आरओवाल्याकडे असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं, त्याच्या बरंच खाली असेल तर आरओ कशाला, साधा यूव्ही फिल्टर पुरतो आणि पाणीही वाया जात नाही. कोथरूडला आम्हाला खडकवासल्याचं गोडं पाणी होतं. बाणेरला अर्धा आठवडा टँकर, आणि टँकर बोअरचा, बादलीला आठवडाभरात पांढरी कड धरली. म्हणजे जुन्या घरचा फिल्टर नव्या घरात चालेलच असं नाही, आणि उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा मोजा.

इन्व्हर्टरची बॅटरी आडवी झाली नाही ना बघा, तासभर स्थिर राहूदे मग जोडा. जुन्या घरी एसी काढताना एसीवाल्याला गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगितलं नसेल तर आता भरायचे पैसे जातील. इंटरनेटला शिफ्टिंगची रिक्वेस्ट चार दिवस आधी टाका, घरून काम करणाऱ्यांनी तर आठ दिवस.

कपडे, पुस्तकं

यात फार शहाणपण नाही. चालू आठवड्याचे कपडे लटकवा, बाकीचे सुटकेसमध्येच असूदेत. पुस्तकं शेवटी. मुलांचं मात्र उलट, त्यांचा एक कोपरा, दप्तर आणि आवडती खेळणी दुसऱ्याच दिवशी लावून द्या, नाहीतर ती तुमच्या पायात. मांजर असेल तर तिला दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेवा, घर तिला एकदम दाखवू नका. कुंड्या लगेच कडक उन्हात नको, तुळशीलाही आठवडा द्या.

भिंतीला हात लावायची घाई नको

दोन आठवडे एकही खिळा नाही, एकही ड्रिल नाही. ऊन कुठून येतं, टीव्हीवर चकाकी कधी पडते, आईची खुर्ची कुठे सरकते, हे राहिल्यावरच कळतं. आम्ही चौथ्या घरात टीव्ही पहिल्या दिवशी ठोकला आणि संध्याकाळी चार ते सहा त्यात फक्त बाल्कनीचं ग्रिल दिसायचं.

मग भिंत कसली आहे ते टकटक करून बघा. जुन्या बिल्डिंगी विटांच्या, साधं ड्रिल चालतं. नव्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी मायव्हान, म्हणजे अख्खी भिंत काँक्रीटची, तिथे हॅमर ड्रिलच पाहिजे. हलक्या पांढऱ्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लास्टिकचा गट्टू सुटून येतो, त्याला वेगळे मिळतात. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, वायरिंग तिथूनच गेलेलं असतं, आणि बाथरूमच्या पाठच्या भिंतीत पाइप. भाड्याच्या घरात मालकांना मेसेज करून विचारा आणि त्यांचं "चालेल" जपून ठेवा.

कागदपत्रं

लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची, त्यामुळे "नोटरी करू, चालतं" म्हणाले तर गोड शब्दात नाही म्हणा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची तीही त्यांनीच, तुम्ही फोटो आणि आधार द्यायचं. नोंदणीकृत करार हातात असला की पुढचं सगळं सोपं. त्यावर आधारचा पत्ता ऑनलाइन बदलतो. ज्याचं नाव करारात नाही त्याचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने बदलता येतो. आधार झालं की बँका, लायसन्स, इन्शुरन्स, आणि मतदार यादीसाठी फॉर्म ८. हा फॉर्म निवडणूक जाहीर झाल्यावर आठवतो सगळ्यांना, आत्ता भरून टाका.

कुरिअर मागवायच्या ॲप्समधले जुने पत्ते खोडा. आमचा मिक्सर कोथरूडला डिलिव्हर झाला होता, नवे भाडेकरू भले निघाले.

माणसं

पहिल्या दोन दिवसांत वॉचमन काकांशी ओळख करून घ्या, तुम्हाला सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवसांत मिळणार नाही ती माहिती ते पाच मिनिटांत देतात. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, कुठला प्लंबर फोन उचलतो. कामाच्या मावशींचं मात्र शेजारच्या दोन घरी विचारूनच ठरवा, मजल्यामजल्यावर दर वेगळे असतात आणि तुम्ही जास्त कबूल केलेत तर शेजारणी तुमच्याशी बोलणार नाहीत. आधीच्या भाडेकरूंकडे किल्ल्या राहिलेल्या असू शकतात, लॅचचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बदलून घ्या. ओला-सुका कचरा किती वाजता नेतात ते विचारा, पुण्यात बहुतेक ठिकाणी स्वच्छ संस्थेच्या ताई येतात, त्यांना पहिल्याच दिवशी ओल्या कचऱ्यात थर्माकोल घालून देऊ नका.

उरलेली खोकी

दहा-बारा दिवसांनी घर चालायला लागतं आणि सहा-सात खोकी कोपऱ्यात उरतात. त्यांच्यावर मार्करने तारीख घाला. आमच्याकडे एका खोक्यावर दोन घरांच्या दोन तारखा आहेत, आत काय आहे ते बायको सांगत नाही आणि मी विचारत नाही.

रिकामी खोकी चपटी करून दोरीने बांधा, रद्दीवाला किलोवर घेतो, बबल रॅप घेत नाही. काही पॅकर्स आठवड्याने येऊन खोकी परत नेतात, उतरवतानाच विचारा. किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाका, कुणीतरी निघालेलं असतंच, आमची वीस खोकी बी विंगमधल्या एका जोडप्याने नेली. टीव्हीचं मूळ खोकं आणि मिक्सरचं थर्माकोल मात्र माळ्यावर टाकलंय, ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचंच आहे.